तान्हे बाळ आणि क्रीडांगण : पालकांनी कोणती काळजी घ्यावी?

म्हैसूर जिल्ह्यातील कृष्णराजनगर हे कावेरीकाठचे तालुक्याचे गाव म्हैसूर शहरापासून सुमारे ४० किलोमीटर अंतरावर असून लोहमार्गाने जोडलेले आहे. येथील क्रीडाप्रेमी कुटुंबांना मोठा सामना पाहावयाचा तर म्हैसूर गाठावे लागते. दसऱ्यात दोड्डकेरे मैदानावरील देवराज अरस क्रीडागारात कुस्त्यांचे फड रंगतात. शहरातील गंगोत्री ग्लेड्स मैदान, म्हणजे आताचे श्रीकंठदत्त नरसिंहराज वडियार मैदान, तर मराठी क्रिकेटरसिकांच्याही परिचयाचे आहे. जानेवारी २०१० मध्ये रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात येथेच मुंबईने कर्नाटकावर अवघ्या ६ धावांनी विजय मिळविला. विजयासाठी ३३८ धावांचे लक्ष्य असताना मनीष पांडेच्या १४४ धावांनंतरही कर्नाटकाचा डाव ३३१ धावांवर आटोपला होता.

अशा सामन्यांना घरातील सारी मंडळी निघाली, की तान्ह्या बाळाचे काय, हा प्रश्न उभा राहतो. बहुतेक घरांत आईने मागे राहावे, असा निर्णय होतो. तथापि, बाळाला सोबत नेणे सर्वस्वी अयोग्य आहे असे नाही आणि सरसकट सुरक्षित आहे असेही नाही. बाळाचे वय, सामन्याचा प्रकार, वेळ आणि गर्दी या चार बाबींवर निर्णय अवलंबून असावा.

बाळाचे वय

राष्ट्रीय लसीकरण वेळापत्रकानुसार जन्मतः बीसीजी, पोलिओ व हिपॅटायटिस बी या लसी दिल्या जातात. पेंटाव्हॅलंट लसीच्या मात्रा ६, १० आणि १४ व्या आठवड्यात, तर गोवर-रुबेलाची पहिली मात्रा ९ महिने पूर्ण झाल्यावर मिळते. गोवर हवेतून अतिशय वेगाने पसरतो. त्यामुळे पहिले तीन-चार महिने दाट गर्दी टाळणे आणि परिसरात गोवराची साथ असल्यास लस मिळेपर्यंत थांबणे श्रेयस्कर ठरते. तीन महिन्यांहून लहान बाळाला ३८ अंश सेल्सियस वा त्याहून अधिक ताप आल्यास विलंब न करता डॉक्टरांकडे न्यावे. अपुऱ्या दिवसांच्या किंवा कमी वजनाच्या बाळाबाबत आधी बालरोगतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.

आवाजाचा धोका

क्रीडागारातील सर्वांत दुर्लक्षित धोका आवाजाचा असतो. प्रौढांच्या कामाच्या ठिकाणी ८५ डेसिबल आवाज आठ तासांपर्यंत सहन करण्याजोगा मानला जातो. मात्र, आवाज दर तीन डेसिबलने वाढला की हा अवधी निम्मा होतो. या हिशेबाने १०० डेसिबलला केवळ १५ मिनिटे उरतात. अमेरिकेतील कॅन्सस सिटी येथे २०१४ मध्ये प्रेक्षकांच्या जल्लोषाची नोंद १४२.२ डेसिबल इतकी झाली होती. बाळाची कर्णनलिका आखूड व अरुंद असल्याने उच्च स्वर त्याच्या कानात अधिक तीव्र होतात आणि त्रास होत असल्याचे ते सांगू शकत नाही.

कानात कापूस घातल्याने पुरेसे संरक्षण मिळत नाही. कानात घालावयाच्या गुट्ट्या निघून बाळाच्या तोंडात जाण्याची भीती असते. बाळांसाठी तयार केलेली, कान पूर्णपणे झाकणारी कर्णटोपी हा योग्य उपाय होय. फेब्रुवारी २०१० मध्ये ‘सुपर बोल’ जिंकल्यानंतर ड्रू ब्रीस या खेळाडूने आपल्या वर्षभराच्या मुलाला उचलून घेतले, तेव्हा मुलाच्या कानांवर अशीच टोपी होती. ते छायाचित्र जगभर पोहोचले आणि अनेक पालकांना या साधनाची माहिती झाली. टोपी असली तरी ध्वनिवर्धक, ढोल वा हलगीजवळची जागा टाळावी.

ऊन, दूध आणि झोप

सहा महिन्यांखालील बाळाला थेट उन्हात ठेवू नये; सावलीतील आसन, सुती अंगडे आणि रुंद कडांची टोपी पुरेशी असते. या वयात आईच्या दुधाखेरीज पाणीही देऊ नये, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणून उकाड्यात अंगावर वारंवार पाजावे. लघवी कमी होणे, ओठ कोरडे पडणे, टाळू खोल जाणे किंवा बाळ मलूल होणे ही शरीरातील पाणी घटल्याची लक्षणे होत.

रणजी सामने बहुतांशी हिवाळ्यात व दिवसा होतात, पाहिजे तेव्हा उठून येता येते. त्यामुळे लहान बाळासाठी ते अधिक सोयीचे ठरतात. रात्रीचे सामने लांबतात. २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईतील महिला विश्वचषकाचा अंतिम सामना पावसामुळे उशिरा सुरू होऊन मध्यरात्रीच्या सुमारास संपला.

गर्दी

४ जून २०२५ रोजी बंगळुरूच्या चिन्नास्वामी मैदानाबाहेर विजयोत्सवासाठी जमलेल्या गर्दीत चेंगराचेंगरी होऊन ११ जणांचा मृत्यू झाला. ही दुर्घटना सामन्यादरम्यान नव्हे, तर प्रवेशद्वारांपाशी घडली, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. विनामूल्य प्रवेशाचे विजयोत्सव व मिरवणुका बाळासाठी पूर्णतः वर्ज्य मानाव्यात. सामन्याला लवकर जावे आणि शेवटच्या क्षणांपूर्वी निघावे किंवा गर्दी ओसरेपर्यंत आसनावरच थांबावे. आसन रांगेच्या कडेला, बाहेर पडण्याच्या वाटेजवळ असावे. बाळगाडीपेक्षा छातीशी बांधावयाची झोळी उपयुक्त असते. त्यात बाळाचे नाक-तोंड सतत दिसले पाहिजे. क्रिकेटमध्ये चेंडू येण्याजोगी, तर कुस्तीत हौद्यालगतची जागा घेऊ नये.

प्रवास

दुचाकीवर ९ महिने ते ४ वर्षे वयाच्या मुलाला सुरक्षापट्टा व शिरस्त्राण बंधनकारक असून वेग ताशी ४० किलोमीटरपेक्षा अधिक नसावा, असा केंद्रीय नियम फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे. त्याहून लहान बाळाला दुचाकीवर नेऊच नये. कृष्णराजनगरहून म्हैसूरला जाण्यासाठी रेल्वे हा उत्तम पर्याय आहे; पाच वर्षांखालील मुलांना स्वतंत्र जागा नको असल्यास तिकीट लागत नाही. सामन्याच्या तिकिटाचे आणि दूध, पाणी व पिशवी आत नेण्याचे नियम मात्र ठिकाणागणिक भिन्न असतात. ते आधीच विचारून घ्यावेत.

मातेसाठी जागा

न्यूझीलंडमधील २०२२ च्या महिला विश्वचषकात पाकिस्तानची कर्णधार बिस्मा मारूफ आपल्या सुमारे सहा महिन्यांच्या मुलीसह सहभागी झाली होती. बाळाला सांभाळण्यासाठी तिची आई सोबत होती. भारताविरुद्धच्या सामन्यानंतर भारतीय खेळाडूंनी त्या बाळाभोवती जमून केलेले कौतुक दोन्ही देशांत वाखाणले गेले. व्यवस्था असेल, तर खेळाडू माताही मैदानावर परतू शकते, हे त्यातून दिसले. प्रेक्षक मातेची गरज याहून कितीतरी साधी आहे.

महाराष्ट्रात एस. टी. स्थानकांवर स्तनदा मातांसाठी ‘हिरकणी कक्ष’ आहेत. सार्वजनिक इमारतींत स्तनपानासाठी जागा असावी, यासाठी राज्यांनी पावले उचलावीत, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२५ मध्ये सांगितले. क्रीडागारातही एक शांत, आडोशाची खोली, स्वच्छ पाणी आणि बाळासह येणाऱ्यांसाठी वेगळे प्रवेशद्वार ठेवणे आयोजकांना अशक्य नाही. तोवर पालकांनी एक नियम पाळावा : बाळ सतत रडू लागले वा मलूल झाले, तर सामना कितीही रंगात आलेला असो, मैदान सोडावे. निकाल घरी पोहोचल्यावरही कळतो.