स्क्रूजची भीती

चिक्कू माणसाला आपल्याकडे कवडीचुंबक म्हणतात. इंग्रजांनी त्यासाठी एका पुस्तकातल्या माणसाचं आडनावच उचललं. स्क्रूज! चार्ल्स डिकन्सची 'अ ख्रिसमस कॅरल' ही छोटी कादंबरी १९ डिसेंबर १८४३ रोजी लंडनमध्ये प्रसिद्ध झाली, आणि नाताळच्या आदल्या दिवसापर्यंत तिच्या सहा हजार प्रती संपल्यासुद्धा.

गोष्ट बहुतेकांना माहीत असेलच. म्हातारा सावकार, नाताळची रात्र, भुतं आणि सकाळी पालटलेला माणूस. पण 'लोभी माणूस सुधारला' एवढंच त्यात नाहीये. स्क्रूज ऐषारामासाठी पैसा साठवत नाही. अंधार स्वस्त म्हणून तो अंधारातच राहतो. त्याची वाग्दत्त वधू बेल लग्न मोडताना त्याला जे ऐकवते त्याचा मथितार्थ असा, की तू जगाला फार घाबरतोस. म्हणजे लोभाच्या मुळाशी गरिबीची भीती! आणि भ्यालेला माणूस पहिली काटछाट करतो ती नात्यांत. आधी बेल, मग लाडक्या बहिणीचा मुलगा फ्रेड. तो दरवर्षी जेवायला बोलावतो आणि मामा दरवर्षी नाही म्हणतो.

ही भीती डिकन्सला ऐकून ठाऊक नव्हती. १८२४ साली त्याचे वडील कर्ज फेडता न आल्याने मार्शलसी तुरुंगात गेले. आई आणि धाकटी भावंडं तिथेच राहायला गेली. बारा वर्षांचा चार्ल्स बाहेर, बुटाच्या पॉलिशच्या कारखान्यात बाटल्यांना लेबलं चिकटवत होता. आठवड्याला सहा शिलिंग. वडील सुटल्यावरही त्याने कामावरच राहावं असं आईला वाटत होतं, आणि हे तो जन्मभर विसरला नाही. पैशाची चणचण घरात शिरली की आईचं मनसुद्धा हिशेब करायला लागतं, हे त्याने बाराव्या वर्षी पाहिलं. जगाला हे कळलं ते त्याच्या मृत्यूनंतर, १८७२ साली, मित्र जॉन फॉर्स्टरने चरित्र लिहिलं तेव्हा.

आता त्या काळाचा कायदा बघा. १८३४ च्या गरीब कायद्याने मदत हवी असणाऱ्यांना वर्कहाऊसची वाट दाखवली. आत गेल्यावर नवरा एका विभागात, बायको दुसऱ्या आणि मुलं तिसऱ्या. वर्गणी मागायला आलेल्यांना स्क्रूज विचारतो की तुरुंग आणि वर्कहाऊस बंद पडली का, तेव्हा तो वर्गणी तर नाकारतोच, पण गरिबांना एकत्र कुटुंब असण्याची चैन कशाला, असंच जणू विचारतो. म्हणून त्याचा कारकून बॉब क्रॅचिट, बायको आणि सहा मुलं एकाच टेबलाभोवती बसून जेवतात, ते चित्र नुसतं गोड नाही. ते त्या कायद्याला दिलेलं उत्तर आहे.

आणि एक गंमत. बॉबचा पगार आठवड्याला पंधरा शिलिंग. पुस्तकाची किंमत पाच शिलिंग! म्हणजे स्वतःची गोष्ट विकत घ्यायला बॉबला आठवड्याच्या पगाराचा तिसरा हिस्सा मोजावा लागला असता. सोनेरी कडांची पानं, रंगीत चित्रं हा थाट डिकन्सचाच हट्ट. त्यात खर्च इतका झाला की हजार पौंडांची आशा धरलेल्या लेखकाच्या हाती सुरुवातीला जेमतेम २३० पौंड आले. घरी चार मुलं, पाचवं वाटेवर. पुढच्याच महिन्यात कुणी चोरून आवृत्ती काढली. डिकन्स कोर्टात गेला, जिंकला, पण ते लोक दिवाळखोर निघाले आणि सुमारे सातशे पौंडांचा खर्च याच्याच गळ्यात पडला. लोभाविरुद्ध पुस्तक लिहिणारा माणूस त्याच पुस्तकाच्या पैशांमुळे रात्र रात्र तळमळला असेल.

मला तो यामुळे ढोंगी वाटत नाही, उलट जवळचा वाटतो. दुधाने तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो. स्क्रूज आणि डिकन्स, दोघांचंही तोंड पोळलेलंच. फरक एवढाच, की एकाने दार लावून घेतलं आणि दुसऱ्याने, खिशाला चाट बसत असतानाही, दार उघडणाऱ्याची गोष्ट लिहिली.

शेवटी स्क्रूज काय करतो? क्रॅचिटांकडे टर्की पाठवतो, फ्रेडकडे जेवायला जातो, आणि दुसऱ्या दिवशी बॉबचा पगार वाढवतो. मला यातलं जेवायला जाणं सगळ्यात अवघड वाटतं. पैसे सोडणं एक वेळ जमेल. इतकी वर्षं नाकारलेल्या दारात उभं राहून 'येऊ का आत?' विचारायचं, त्याला खरी छाती लागते. तुम्हाला काय वाटतं?