पानफुटीची रात्रपाळी

पानफुटी शाळेत सगळ्यांनीच पाहिलेली असते. पान ओल्या मातीवर टाकायचं आणि कडेच्या खाचांतून इवलीशी रोपं फुटताना बघायची. पण या पानाची खरी गंमत रात्री चालते, आणि तिचा सुगावा लागला तो जिभेला!

बेंजामिन हायने हा ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीतला जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ. 1799 साली टिपूचा पाडाव झाल्यावर बंगलोरची लालबाग काही काळ त्याच्या देखरेखीखाली होती. 1813 साली लंडनच्या लिनियन सोसायटीत त्याचं एक पत्र वाचलं गेलं. त्यात म्हटलं होतं, की पानफुटीचं पान सकाळी चांगलंच आंबट लागतं, दुपारी बेचव आणि संध्याकाळी किंचित कडवट. (तुम्ही चाखून बघू नका, पानफुटीत हृदयाला अपाय करणारी द्रव्यं असतात.)

हायनेने याचा संबंध ऑक्सिजनशी लावला. त्याच्या काळातल्या रसायनशास्त्राला ते धरूनच होतं. खरं उत्तर मिळायला मात्र शंभराहून जास्त वर्षं गेली.

झाडाची अडचण अशी की कार्बन डायऑक्साइड आत घ्यायला पानावरची रंध्रं उघडावी लागतात, आणि ती उघडली की पाणी उडून जातं. साध्या झाडाला एक ग्रॅम कार्बन डायऑक्साइड मिळवण्यासाठी साधारण 400 ते 500 ग्रॅम पाणी गमवावं लागतं. मूळची मादागास्करची असलेली पानफुटी रंध्रं रात्री उघडते. गारव्यात वायू आत घेते आणि मॅलिक आम्लाच्या रूपात पेशीत साठवून ठेवते. म्हणून सकाळी पान आंबट! दिवसा दारं बंद करून त्याच आम्लातून वायू मोकळा होतो आणि उन्हात साखर बनते. असं करणाऱ्या झाडांचा पाण्याचा खर्च 50 ते 100 ग्रॅमवर येतो.

आता मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. आम्ल बनवणारी आणि मोडणारी एन्झाइम्स काही पानफुटीची खास मालमत्ता नाहीत. ती जवळपास सगळ्याच झाडांत असतात, फक्त दुसऱ्या कामांना जुंपलेली. उत्क्रांतीने इथे नवा कोड फारसा लिहिलाच नाही. जुनेच प्रोग्राम घेतले आणि त्यांचं वेळापत्रक बदललं. दिवसाचं काम रात्रीच्या बॅचमध्ये टाकलं, बस्स! म्हणूनच बहुधा हीच युक्ती 35 हून अधिक कुळांत वेगवेगळी, पुन्हा पुन्हा घडली. निवडुंग, घायपात, अननस हे सगळे रात्रपाळीवालेच.

अर्थात, फुकट काहीच मिळत नाही. रात्री पेशीत मावेल तेवढंच आम्ल साठतं, त्यामुळे दिवसाच्या कामालाही तेवढीच मर्यादा. अशी झाडं बहुतेक सावकाश वाढतात. पाणी मुबलक असेल तिथे घाईवाले शेजारी त्यांना सहज मागे टाकतात. जिथे शेजारी वाळून जातात, तिथे ही उरतात. दुष्काळाला तोंड देणारं झाड 'जास्त प्रगत' असतं, असं आपण उगाच समजतो. त्याने एक सौदा केलेला असतो, इतकंच.

हायने 1819 साली गेला. आपल्या जिभेला नेमकं काय सापडलं होतं, हे त्याला कधीच कळलं नाही. पण निरीक्षण पक्कं होतं, आणि ते त्याने लिहून ठेवलं. कारण कळेपर्यंत ते थांबलं. दोनशे वर्षांनीही त्यात दुरुस्ती करावी लागलेली नाही.