गर्भाशयमुखाची शस्त्रक्रिया आणि पुढील मातृत्व

नऊ महिने गर्भ धरून ठेवण्याचें काम गर्भाशयाच्या मुखाकडे असतें. हें मुख अवघें तीन-चार सेंटिमीटर लांबीचें; तें आखूड किंवा अशक्त झालें, तर दिवस भरण्यापूर्वीच प्रसूति होण्याचा धोका वाढतो. दुर्दैवानें कर्करोगही याच जागीं घर करतो. तेव्हां येथें कापावें तरी किती?

पापानिकोलाउ व ट्राउट यांनीं १९४१ मध्यें पेशींच्या तपासणीविषयींचा आपला निबंध प्रसिद्ध केला, आणि पुढें कर्करोगापूर्वींचे बदल वेळींच हेरतां येऊं लागले. दिसले म्हणजे काढावयाचे, हें ओघानेंच आलें. कित्येक स्त्रियांचें संपूर्ण गर्भाशयच काढलें जाई. मुखाचा शंकूच्या आकाराचा तुकडा सुरीनें कापणें हा त्यांतल्या त्यांत सौम्य उपाय.

मुख अशक्त असलेल्या स्त्रियांना आधार मिळाला तो मुंबईंत. गोव्यांत जन्मलेले डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर यांनीं १९५५ मध्यें एक नवी शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली. स्त्रीच्याच मांडींतील चिवट आवरणाची पट्टी काढून, थैलीचें तोंड नाडीनें आवळावें तशी ती मुखाभोंवतीं बांधावयाची. 'शिरोडकर टांका' म्हणून ती जगभर गेली. मात्र शंकु कापलेल्या प्रत्येकीलाच हा टांका घालावा असें नाहीं.

कापण्याची भीति किती महाग पडते, हें न्यूझीलंडमध्यें दिसलें. ऑकलंडच्या नॅशनल विमेन्स हॉस्पिटलांतील हर्बर्ट ग्रीन यांच्या मतें हे बदल सहसा कर्करोगांत परिणत होत नसत. मग तरुण स्त्रियांना अपत्यसुखास कां मुकवावें? हेतु वाईट म्हणतां येणार नाहीं. १९६६ मध्यें रुग्णालयाच्या समितीनें त्यांची योजना मान्य केली: पस्तिशीच्या आंतील स्त्रियांवर पुरते उपचार न करतां नुसती नजर ठेवावयाची. त्या बिचाऱ्यांना, आपण एका प्रयोगांत आहोंत, याची कल्पनाही नव्हती. तेथीलच सहकाऱ्यांनीं १९८४ मध्यें सत्य छापलें. १९८७ मध्यें सँड्रा कोनी व फिलिडा बंकल यांनीं तें एका मासिकांतून घरोघर नेलें, आणि न्यायाधीश सिल्व्हिया कार्टराइट यांच्या चौकशीचा अहवाल १९८८ मध्यें बाहेर आला. पुढें २००८ मध्यें हिशेब मांडला गेला तो असा: अपुरे उपचार झालेल्यांपैकीं तीस वर्षांत शेंकडा ३१ स्त्रियांना कर्करोग झाला, पुरते उपचार झालेल्यांत हें प्रमाण शेंकडा एकाहूनही कमी होतें.

उपचार हवेच, हें ठरलें. १९८९ मध्यें प्रेंडिव्हिल यांनीं विजेनें तापणाऱ्या तारेच्या मोठ्या फांसानें रोगट भाग काढण्याची रीत पुढें आणली. रुग्ण त्याच दिवशीं घरीं जाई. त्यामुळें पुढील गर्भारपणाला बाध नाहीं, असा समज दृढ झाला. तो फार सोईचा समज होता. मारिया किर्जिऊ व त्यांचे सहकारी यांनीं २००६ मध्यें त्याला तडा दिला. त्यांच्याच २०१६ च्या संकलनांत उपचार झालेल्या स्त्रियांत अपुऱ्या दिवसांच्या प्रसूतीचें प्रमाण शेंकडा १०.७, तर इतरांत ५.४ आढळलें. अर्थात् बहुसंख्य स्त्रियांचे दिवस पुरे भरले. आणि बदल असून उपचार न झालेल्यांतही धोका किंचित् अधिकच होता. पण तुकडा जितका खोल, तितका धोका वाढत गेला, हें स्पष्ट दिसलें.

म्हणून सौम्य बदल आपोआप ओसरतात का, याची तरुण स्त्रियांत आतां वाट पाहिली जाते. तीव्र बदल मात्र काढलेच जातात. किती मिलिमीटर खोल कापलें, हा आंकडा त्या स्त्रीच्या कागदपत्रांत असावयास हवा. पुढें तिला दिवस गेले कीं प्रसूतितज्ज्ञाला त्याची गरज पडते.