सावली, दुष्काळ आणि दोन लाख झाडं

तर झालं असं, की दोन आठवडे ऑनसाइट जाऊन आलो आणि घरी आल्या आल्या बाल्कनी बघितली. उन्हातला मोगरा वाळून काटकी झालेला. कोपऱ्यात सावलीत ठेवलेला मनीप्लांट मात्र मजेत. आई फोनवर म्हणाली, "सावलीत ओल टिकते रे, साधी गोष्ट आहे." आहे खरी साधी. पण जंगलात ती तितकी साधी राहत नाही. हे शोधण्याच्या नादात माझा अख्खा शनिवार पनामात गेला.

पनामा कालव्यासाठी चाग्रेस नदी अडवली, जलाशय भरत गेला आणि १९१४ च्या सुमारास एका डोंगराचा माथा तेवढा पाण्याबाहेर राहिला. त्याचं नाव बारो कोलोराडो, साधारण १५०० हेक्टरचं बेट. १९२३ साली ते राखीव झालं आणि १९४६ पासून स्मिथसोनियन संस्थेकडे आहे. पाऊस वर्षाला २६०० मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे आपल्या कोकणाच्या जवळपास. मात्र डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत कोरडं.

१९८० मध्ये स्टीफन हबेल आणि रॉबिन फॉस्टर या दोघांनी तिथे एक वेडं काम काढलं. एक किलोमीटर लांब, अर्धा किलोमीटर रुंद असा ५० हेक्टरचा तुकडा आखायचा आणि त्यातलं छातीच्या उंचीवर एक सेंटिमीटर किंवा जास्त जाड असलेलं प्रत्येक झाड मोजायचं. प्रत्येकाला नंबर, प्रत्येकाची जात, प्रत्येकाची नकाशावर जागा. दोन लाखांहून जास्त खोडं निघाली, जाती सुमारे ३००. (आमच्याकडे टेस्ट केस लिहायला सांगितल्या की लोक आजारी पडतात.)

प्रश्न होता, इतक्या जाती एका जागी नांदतात कशा? तेव्हाचं लोकप्रिय उत्तर होतं: प्रकाश. अशा जंगलात जमिनीपर्यंत जेमतेम एक-दोन टक्के ऊन पोचतं. मोठं झाड पडलं की वर भोक पडतं, आणि खाली शर्यत सुरू. काही जाती उन्हात भराभर वाढणाऱ्या, काही वर्षानुवर्षं सावलीत दम धरून बसणाऱ्या. म्हणजे सगळा खेळ ऊन-सावलीचा.

आणि पहिली मोजणी संपता संपता १९८२-८३ चा एल निन्यो आला. कोरडा काळ लांबला, मातीतली ओल गेली. मॉनिटरिंग बसवावं आणि त्याच आठवड्यात सर्व्हर बसावा, तसं! पण त्यामुळेच दुष्काळाआधीची नोंद हातात होती. १९८५ ला आणि मग १९९० ला पुन्हा मोजल्यावर हिशोब लागला. १९८२ ते ८५ मध्ये झाडं जास्त वेगाने मेली होती. गंमत म्हणजे झुडपांच्या मानाने फटका जास्त बसला उंच झाडांना. माथा भर उन्हात, आणि पाणी ओढायचं तीस-तीस मीटर वर.

म्हणजे आईचंच बरोबर? थांबा. सावलीत हवा दमट आणि थंड असते, पानांतून पाणी कमी उडतं, हे खरं. पण सावलीतल्या रोपाची कमाईच तुटपुंजी. ते खर्च करतं पानांवर, जो मिळेल तो कवडसा पकडायला. मुळांना उरतं थोडं. वर शेजारच्या थोरल्या झाडांची मुळं आधीच पाणी ओढून बसलेली. त्यामुळे सावली रोपाला दुष्काळात तारते की मारते, यावर शास्त्रज्ञांचे चक्क दोन तट होते.

मधे जोसेफ राइट यांनी त्याच बेटावर अडीच हेक्टरांहून थोड्या लहान अशा दोन तुकड्यांना सलग पाच उन्हाळे पाणी दिलं. जंगलाला! बहुतेक झाडांनी तरीही नेहमीच्याच वेळी पानं गाळली.

पण मला गुंतवलं ते हबेल यांच्या प्रवासाने. १९९९ मध्ये त्यांनीच दाखवलं, की वरच्या भोकांमुळे जातींची विविधता टिकते असं काही दिसत नाही. मोकळ्या जागी कोण उगवेल हे बरंचसं नशिबावर, बी कुणाचं पोचलं यावर. २००१ मध्ये पुस्तक आलं. त्यात सगळ्या जातींच्या झाडांना जगण्या-मरण्याची संधी सारखीच आहे असं धरलं, तरी जंगलातली जातींची गणितं बरीचशी जुळतात, असा दावा. प्रचंड वाद झाला. इतकी साधी गृहीतकं आणि उत्तर बरोबर, हे कुणाला पचेना.

मग २००७. बेटिना एंगेलब्रेख्ट आणि सहकाऱ्यांनी ४८ जातींची रोपं जंगलातल्या सावलीतच लावली. काहींना पाणी दिलं, काहींना कोरडं ठेवलं, आणि कोण जगतं ते बघितलं. मग पनामाच्या पट्टीवरच्या १२२ ठिकाणच्या नोंदींशी ताडून पाहिलं. पॅसिफिकची बाजू कोरडी, कॅरिबियनची ओली, मधे शंभर किलोमीटरही नाहीत. जी जात कोरड्यात लवकर मरत होती, ती ओल्या बाजूलाच जास्त सापडत होती. ५० हेक्टरच्या तुकड्यातही तेच, ओलसर उतार आणि कोरडं पठार असा फरक. म्हणजे निदान पाण्याच्या बाबतीत सगळ्या जाती सारख्या नाहीत.

'नेचर'मधल्या त्या निबंधावर सात लेखकांची नावं आहेत. शेवटचं नाव स्टीफन हबेल. मी परत वर जाऊन वाचलं, तोच माणूस.