नेल टेक्निशियन व्हायचंय? क्लासची फी भरण्याआधी हे वाचा

लग्नसराईत मेहंदीच्या जोडीला आता नखांचंही काम निघतं. त्यामुळे दहावी-बारावी झालेल्या मुली नेल आर्टच्या क्लासची चौकशी करतात. दोन-चार दिवसांत नक्षी शिकता येते, पण धंदा नक्षीवर उभा राहत नाही.

काम काय असतं?
नखांना आकार देणं, मॅनिक्युअर-पेडिक्युअर, जेल पॉलिश, कृत्रिम नखं बसवणं आणि ती नीट काढणं, हे सगळं यात येतं. अ‍ॅक्रिलिकचं नख द्रव आणि पावडर मिसळून बनतं व हवेत कडक होतं. जेल यूव्ही किंवा एलईडी दिव्याखाली पक्कं करावं लागतं. हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं. दोन-तीन आठवड्यांत मुळाशी फट दिसते आणि ग्राहक परत येतात. खरी कमाई याच परतीच्या ग्राहकांची.

शिकायचं कुठे?
- आयटीआय : कॉस्मेटॉलॉजी हा एक वर्षाचा ट्रेड. दहावीनंतर ऑनलाइन अर्ज करता येतो. केस, त्वचा यांसोबत हात-पाय-नखांचं कामही शिकवतात. जवळच्या आयटीआयमध्ये हा ट्रेड आहे का, ते आधी विचारा.
- ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था (आरसेटी) : बँकांमार्फत चालते. प्रशिक्षण मोफत, राहणं-जेवणही मोफत. ब्यूटी पार्लरची बॅच कधी आहे, याची चौकशी करावी.
- खासगी क्लास : फी आणि दर्जा, दोन्हींत मोठा फरक असतो.

धोका कुठे आहे?
कच्चं जेल वारंवार कातडीला लागलं तर अ‍ॅलर्जी होते. खाज येते, बोटं सुजतात, कातडी फाटते. एकदा झालेली ही अ‍ॅलर्जी बहुधा कायमची राहते आणि शिकलेलं काम सोडायची वेळ येते. मध्येच लाईट गेली तरी जेल आतून कच्चं राहतं. अशा वेळी दिव्याखाली पुन्हा पूर्ण वेळ द्यावा.

एमएमए असलेलं स्वस्त द्रव वापरू नये. त्याचं नख फार कडक होतं. कुठे अडकलं तर मूळ नखही उपटून निघतं. अ‍ॅसिटोन पटकन पेट घेतं, म्हणून स्वयंपाकघरात, गॅसजवळ काम नको. खिडकी उघडी हवी.

नख हिरवट, जाड किंवा सुजलेलं दिसलं तर हात न लावता ग्राहकाला डॉक्टरकडे पाठवावं. मधुमेही ग्राहकाच्या पायाला जखम होऊ देऊ नये.

क्लासवाल्यांना काय विचारायचं?
सराव खऱ्या हातावर होतो का? हत्यारं निर्जंतुक कशी करायची, हे शिकवतात का? नख काढायला शिकवतात का? सर्टिफिकेट कोणाचं? फीमध्ये सामान धरलंय का?

उत्तरं गोलमोल आली तर पैसे भरू नका. शिकून झाल्यावर दिवा आणि सामानासाठी मुद्रा योजनेच्या शिशु गटात ५० हजार रुपयांपर्यंत विनातारण कर्जासाठी बँकेत अर्ज करता येतो.