हैदराबादचे क्लोरोफॉर्म-कमिशन

१८४७ च्या नोव्हेंबरात एडिंबरोच्या जेम्स यंग सिम्प्सन यांनी क्लोरोफॉर्मचा गुण जगापुढे मांडला. वेदनाहरणाचे हे सुलभ साधन लाभल्याचा आनंद ओसरण्यापूर्वीच, १८४८ च्या जानेवारीत, हाना ग्रीनर ही १५ वर्षांची इंग्रज मुलगी पायाच्या नखाच्या क्षुल्लक शस्त्रक्रियेच्या वेळी ते हुंगून काही मिनिटांतच मरण पावली. तिचा श्वास प्रथम थांबला की हृदय? हा केवळ पंडिती वाद नव्हता. औषध देणाऱ्याने बोट नाडीवर ठेवावे की दृष्टी श्वासावर, हे त्या उत्तरावर अवलंबून होते.

या वादाचा निर्णय करण्याचा मोठा प्रयत्न आपल्या हैदराबादेत झाला, हे आज फारसे कुणाच्या स्मरणात नाही. तेथील वैद्यकीय शाळेचे प्रमुख एडवर्ड लॉरी हे एडिंबरोच्या साइमचे शिष्य. श्वासाकडे लक्ष द्या, नाडीची चिंता नको, ही गुरूची शिकवण त्यांनी शिरोधार्य मानली होती. १८८८ मध्ये निजाम सरकारने नेमलेल्या पहिल्या कमिशनने जनावरांवर प्रयोग करून तोच निष्कर्ष काढला. ‘लॅन्सेट’ने शंका घेतली, तेव्हा मीर महबूब अली खान यांनी १००० पौंड देऊ केले आणि १८८९ मध्ये लंडनहून लॉडर ब्रंटन आले. हृदयाच्या बाजूने विचार करणाऱ्या ब्रंटन यांचेही मत हैदराबादेत पालटले.

तथापि प्रयोग खरे असले तरी प्रश्न अपुरा होता. क्लोरोफॉर्मची वाफ फुप्फुसांतून रक्तात व रक्तातून मेंदूत जाते. मात्रा वाढली की श्वसनाचे केंद्र मंदावते आणि श्वास आधी थांबतो. कमिशनला हेच दिसले. परंतु भयभीत रोगी अर्धवट गुंगीत असताना येणारे आकस्मिक मरण निराळे. १९११ मध्ये गुडमन लेव्ही यांनी मांजरांवरील प्रयोगांतून त्याचा उलगडा केला. हलक्या गुंगीत क्लोरोफॉर्म हृदयाला ॲड्रेनलिनविषयी अतिसंवेदनशील करते. मग ते लय सोडून नुसते थरथरू लागते आणि रक्ताभिसरण तत्क्षणी थांबते.

शिवाय तिसरेही एक स्थान होते. शरीरात गेलेले क्लोरोफॉर्म बव्हंशी उच्छ्वासावाटे बाहेर पडते, पण काही भाग यकृतात पचविला जातो आणि त्यातून फॉस्जीन हे दाहक विष निर्माण होते. म्हणूनच काही रोगी शस्त्रक्रियेतून सुखरूप उठून दोन-चार दिवसांनी यकृत निकामी होऊन दगावत.

एकच औषध मेंदू, हृदय व यकृत या तिन्ही ठिकाणी निरनिराळ्या रीतीने घातक ठरू शकते. लॉरींची चूक श्वास पाहण्यात नव्हती, नाडीकडे पाहू नये असे शिकविण्यात होती. शस्त्रक्रियागृहातून क्लोरोफॉर्म आता गेले आहे. मात्र गुंगी देणारा वैद्य आज रोग्याचा श्वास आणि हृदयाची लय ही दोन्ही सारख्याच दक्षतेने पाहतो.