कीटकरूपी खलनायक आणि १९८४ हे साल

जपानच्या टाकारा कंपनीची रूप पालटणारी खेळणी १९८४ साली अमेरिकेच्या हॅस्ब्रो कंपनीने 'ट्रान्सफॉर्मर्स' या नावाने बाजारात आणली. त्याच वर्षी सुरू झालेल्या कार्टून मालिकेत 'इन्सेक्टिकॉन' हे कीटकरूपी दुष्ट यंत्रमानव अवतरले. त्यांतील किकबॅक हा टोळ, तर श्रॅपनेल व बॉम्बशेल हे भुंगेरे. बाली बेटावरील उभी पिके फस्त करून ते शक्ती मिळवीत. टोळधाडीची शेतकऱ्याची पुरातन धास्तीच येथे यंत्ररूपाने प्रकटली, असे आम्हांस वाटते.

आम्हा भोपाळकरांच्या स्मरणात मात्र ते साल निराळ्या कारणाने कोरले गेले आहे. येथील युनियन कार्बाइडच्या कारखान्यात पिकांवरील किडींसाठी 'सेविन' हे कीटकनाशक तयार होत असे. त्याकरिता साठविलेले मिथाइल आयसोसायनेट २-३ डिसेंबर १९८४ च्या रात्री टाकीतून वायुरूपाने बाहेर पडले आणि हजारो माणसे प्राणास मुकली.

मुलांच्या कथेतील संकट सहा पायांनी चालत येते, म्हणून ते ओळखू येते. आमच्या नगरीत ते किडींवर योजलेल्या उपायातूनच आले. नातवंडांच्या हाती असे खेळणे देताना हा इतिहासही आपण त्यांना सांगावयास हवा.